पिनहोल्डर, काचेचा फ्रॉग आणि कोंबडीची जाळी: स्पंजाशिवाय फुलं उभी कशी करायची

फुलवाल्याच्या टोपलीच्या तळाशी असतो त्या हिरव्या स्पंजाने आपल्याला वाईट सवयी लावल्या आहेत. देठ कसाही कापा, कुठल्याही कोनातून खुपसा, तो धरून ठेवतो. तीच सवय घेऊन कुणी पिनहोल्डर, म्हणजे फुलं खोचायची खिळ्यांची चकती, वापरायला बसलं की पाच मिनिटांत निशिगंध आडवा होतो, जरबेरा भिंतीकडे तोंड करून बसतो आणि ते साधन माळ्यावर जातं. बहुतेक वेळा साधन चांगलं असतं, चुकलेला असतो तो क्रम. आधी पाणी ओतलेलं असतं, मग फुलं खोचलेली असतात, आणि सगळं डुगडुगायला लागल्यावर बूड चिकटवायची धडपड सुरू होते.

स्पंज एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक आहे, त्याचा भुगा मोरीतून थेट गटारात जातो. ही जुनी साधनं मात्र नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. त्यांची पद्धत वेगळी आहे, तेवढी शिकून घ्यावी लागते.

## १. कुठल्या भांड्याला कुठलं साधन

पिनहोल्डर, म्हणजेच जपानी केन्झान: शिशाची जड चकती आणि तिच्यावर पितळी खिळ्यांच्या दाट रांगा. हा उथळ, पसरट भांड्यासाठी. फुलं मोजकी, दांडे लांब, एखादी डहाळी असेल तर हाच घ्या.

काचेचा फ्रॉग: भोकं असलेला काचेचा घुमट. सारख्या जाडीच्या, सरळ देठांसाठी. जरबेरा, ॲस्टर, कार्नेशन यात छान राहतात. आंब्याची डहाळी यात लावू नका, घुमटच उलटतो.

कोंबडीची जाळी: हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते ती षटकोनी जाळी. खोल आणि रुंद तोंडाच्या भांड्यातली भरगच्च मांडणी हिच्यावर करायची.

उंच आणि अरुंद तोंडाच्या फुलदाणीला यातलं काहीच लागत नाही. गलोलीसाठी शोधतात तसं पेरूच्या फांदीचं छोटं बेचकं घ्या, तोंडाच्या २ सेंमी खाली आतून आडवं अडकवा आणि दांडा त्याच्या खाचेत टेकवा. फुलदाणी पितळेची, चिनीमातीची किंवा जाड असेल तरच हे करा. ओलं लाकूड फुगतं आणि पातळ काचेला तडा जातो.

## २. विकत घेताना

पिनहोल्डर हातात घेतल्याबरोबर जड वाटला पाहिजे. ७ सेंमी व्यासाचा चांगला पिनहोल्डर पाव किलोहून जास्त भरतो. हलका लागला तर तळ शिशाचा नाही, आणि अर्धा मीटर उंचीचा ग्लॅडिओलस तो पेलणार नाही. खिशात लोहचुंबक ठेवा. शिसं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि दोन पावसाळ्यांत ते गंजणार.

मग पिनहोल्डर डोळ्यांच्या पातळीवर धरून रांगांमधून आरपार बघा. खिळे सरळ रांगेत आणि एका उंचीचे हवेत. एखाददुसरा वाकलेला चालेल, तो सरळ करता येतो. मुळाशी हलणारा खिळा असेल तर घेऊ नका.

पहिलाच घेत असाल तर गोल, ७ सेंमीचा घ्या. २० ते २५ सेंमीच्या तसराळ्याला तो पुरतो. ५ सेंमीचा स्वस्त पडतो म्हणून लोक आधी तोच आणतात आणि मग फांदी उभी राहत नाही म्हणून वैतागतात. छोटा दुसऱ्या खेपेला घ्या. पुढे सांगितल्याप्रमाणे तो मोठ्याला वजन म्हणून उपयोगी पडतो.

कात्री स्वयंपाकघरातली नको. ती देठ कापण्याआधी चेपते आणि चेपलेल्या देठातून पाणी चढत नाही. इकेबानाची, म्हणजे जपानी पुष्परचनेची, आखूड पात्याची कात्री किंवा बागेची अशी कात्री घ्या, जिची दोन पाती एकमेकांवरून सरकतात. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारी कात्री वाळक्या फांद्यांसाठी असते.

> सावध: पिनहोल्डरचा तळ शिशाचा आहे. ज्या घंगाळात किंवा परातीत तो ठेवाल ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला किंवा पिण्याच्या पाण्याला वापरू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. रांगतं मूल असलेल्या घरात जमिनीवरची मांडणी नकोच, कारण खिळे टोकदार असतात.

## ३. फुलांची तयारी आदल्या संध्याकाळी

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. दादरच्या किंवा मार्केट यार्डाच्या फुलबाजारातून आणलेली जुडी तासन् तास पाण्याबाहेर असते. कापलेल्या टोकातून देठात हवा शिरलेली असते आणि ती हवा पाण्याची वाट अडवते. म्हणून:

१. बादलीत पाणी घ्या. देठाचं टोक पाण्याखाली धरून, पाण्यातच २ ते ३ सेंमी कापा. बाहेर कापून मग बुडवलं तर हवा पुन्हा आत जाते आणि कष्ट वाया जातात.
२. पाण्यात बुडेल तेवढ्या भागातली सगळी पानं खुडून टाका. पानं कुजली की पाण्याला वास येतो आणि देठ बुळबुळीत होतात.
३. अर्धा देठ बुडेल एवढ्या पाण्यात, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, काळोख्या कोपऱ्यात किमान दोन तास ठेवा. रात्रभर ठेवलीत तर उत्तम.

सगळी फुलं एका नियमात बसत नाहीत:

- शेवंती कात्रीने कापू नका. देठ पाण्याखाली धरून हाताने मोडा. मोडलेल्या टोकाचे तंतू उघडे पडतात आणि ती पाणी जास्त चांगलं पिते.
- जरबेरा खोल पाण्यात ठेवू नका, लवदार देठ कुजतो. ५ ते ७ सेंमी पाणी पुरे. फुलावरची प्लास्टिकची टोपी पाणी पिऊन होईपर्यंत काढू नका, नाहीतर मान वाकते.
- ग्लॅडिओलस आडवा ठेवलात तर शेंडा रात्रीत वर वळतो आणि मग सरळ होत नाही. त्याला उभाच ठेवा. शेंड्याच्या दोन-तीन कळ्या खुडल्या तर खालची फुलं बरी उमलतात.
- चाफा, पॉइन्सेटिया यांच्या देठातून चीक गळतो. कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काही सेकंद धरून बंद करा, मगच पाण्यात. मांडताना पुन्हा कापलंत तर पुन्हा शेकावं लागतं.
- कण्हेर विषारी आहे. जेवणाच्या टेबलावर तिला जागा नाही.
- कमळाच्या दांड्यात नळ्या असतात. सुई काढलेल्या सिरिंजने टोकातून पाणी आत भरा. तसं केलं नाही तर ते संध्याकाळपर्यंत मिटतं.

> तपासा: सकाळी देठ हातात आडवा धरा. फूल मान टाकत असेल तर ते अजून प्यायलेलं नाही. ते मांडणीत घालू नका, तिथे ते सुधारत नाही.

## ४. साधन कोरड्या भांड्यात बसवा

पाण्याचा तांब्या अजून लांबच राहू द्या.

पिनहोल्डर नुसता ठेवला तरी वजनाने बसेल, असं वाटतं. सरळ उभ्या दोन फुलांना तो बसतोही. फांदी कलली की तो घसरतो आणि भांड्याला ओरखडा पडतो तो वेगळाच. त्याला चिकटवायला फुलांच्या सामानाच्या दुकानात पाण्यात न विरघळणारी चिकट क्ले मिळते. ती नसेल तर मुलांची तेलकट क्ले कामचलाऊ चालते. मूर्तिकामाची शाडू चालत नाही, ती पाण्यात विरघळून सगळं गढूळ करते.

१. भांडं आणि पिनहोल्डरचं बूड खडखडीत कोरडं करा. पितळेच्या घंगाळाला तेलाचा हात लागलेला असतो किंवा घासायच्या पावडरीचा थर राहिलेला असतो. स्पिरिटच्या बोळ्याने आतला तळ पुसून घ्या. पावसाळ्यात धातूवर दमट हवेचा ओलावा धरतो, दोन मिनिटं हेअर ड्रायर फिरवा.
२. क्ले हातात मळून मऊ करा आणि पेन्सिलीएवढ्या जाडीची वळी वळा.
३. पिनहोल्डर उलटा धरून कडेपासून अर्धा सेंमी आत वळीचं पूर्ण कडं लावा. कड्यात फट ठेवू नका. फटीतून पाणी आत शिरलं की पकड सुटते.
४. जागेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी कडेवर दाबा आणि दाबतच थोडा फिरवा.

जागा शक्यतो मधोमध नको. उथळ तबकात पिनहोल्डर एका बाजूला, मागच्या कोपऱ्याकडे बसवला की पुढे पाणी दिसतं आणि तेच या मांडणीचं सौंदर्य असतं. बरोब्बर मध्ये बसवलं की मांडणी वाढदिवसाच्या केकसारखी दिसते.

दगडी किंवा बिनचकाकीच्या मातीच्या भांड्यात क्ले धरत नाही. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चकतीपेक्षा थोडा लहान कापून खाली घाला. घसरणंही थांबतं आणि ओरखडेही पडत नाहीत. अशा मातीच्या भांड्याला घाम येतो, म्हणून टेबलावर खाली ताटली ठेवा.

> तपासा: टॉवेलवर भांडं धरून हळूच कलतं करा. पिनहोल्डर हलला तर काढून पुन्हा बसवा. फुलं लावल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

आता पाणी घालता येईल, पण अर्धंच: खिळ्यांची टोकं जेमतेम बुडतील एवढं. बाकीचं शेवटी.

## ५. माप आधी, कात्री नंतर

नजरेने कापलेला दांडा बहुतेक वेळा आखूड पडतो. इकेबानाचं माप घरच्या मांडणीलाही चालतं. भांड्याची रुंदी आणि खोली यांची बेरीज करा, तिची दीडपट म्हणजे सगळ्यात उंच दांडा. दुसरा त्याच्या पाऊण, तिसरा दुसऱ्याच्या पाऊण.

समजा तसराळं २४ सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल आहे. बेरीज ३०, दीडपट ४५. म्हणजे पहिला ४५ सेंमी, दुसरा साधारण ३४, तिसरा २५. पहिला जवळपास उभा, फक्त १० ते १५ अंश कललेला. दुसरा ४५ अंशांवर. तिसरा चांगलाच वाकलेला, ७५ अंशांपर्यंत. कललेले दांडे मागे किंवा आडवे सरळ रेषेत नकोत, थोडे पुढे, बघणाऱ्याकडे झुकू द्या. हे तीन दांडे बसले की मांडणीचा सांगाडा उभा राहिला. बाकीची फुलं आखूड, या तिघांच्या पायाशी.

मापाचं एक पथ्य म्हणजे आधी २ सेंमी जास्त ठेवूनच कापा. खोचताना एखादा प्रयत्न फसतो आणि तेवढं कापावं लागतं.

## ६. खोचणं

इथेच स्पंजाची सवय आडवी येते. प्रत्येक प्रकारच्या देठाची रीत वेगळी आहे.

मऊ देठ (निशिगंध, जरबेरा, शेवंती, कर्दळ). टोक *सरळ* कापा, तिरकं नाही. तिरका काप घेतला की खिळे फक्त एका टोकाला लागतात आणि फूल गिरकी घेतं. सपाट टोकात पाच-सहा खिळे एकदम शिरतात. ‘तिरकं कापलं की जास्त पाणी पितं’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. फुलदाणीच्या तळाला टेकून सपाट टोक बंद होऊ नये म्हणून तो तिरका काप उपयोगी. इथे टोक तळाला टेकतच नाही, खिळ्यांवर उभं असतं.

निशिगंधाची काडी घेऊन करून बघा. फुलाजवळ धरू नका. टोकापासून ३-४ सेंमी वर, अंगठा आणि दोन बोटांत धरा. काडी *सरळ उभी* धरून खाली दाबा. खिळे आत शिरल्याचं बोटांना कळतं, आधी अडतं आणि मग करकरीत काकडीत सुई गेल्यासारखं जातं. अर्धा सेंमी आत गेली की थांबा. आता, आणि आताच, तिला हव्या त्या बाजूला हळूहळू कलवा. सुरुवातीलाच तिरकी खुपसलीत तर देठ चिरतो आणि पुढचा खिळा त्याच चिरेत जातो. मग ती काडी पुन्हा कापल्याशिवाय उभी राहत नाही.

फांदी (आंबा, पेरू, डाळिंब). आता उलटं: टोक तिरकंच कापा. लाकूड खिळ्यांवर चढत नाही, खिळ्यांच्या *मध्ये* शिरतं, आणि त्यासाठी टोक पाचरीसारखं हवं. कापलेली बाजू ज्या दिशेला फांदी कलवायची त्याच्या विरुद्ध राहील अशी धरा. म्हणजे फांदी कलल्यावर काप वरच्या अंगाला येतो. सरळ दाबा, मग खालच्या बाजूला धरूनच कलवा. शेंड्याला धरून कलवलं की खिळे वाकतात.

फांदी बोटाएवढी जाड असेल तर टोकाला दीड सेंमी खोल उभी चीर द्या, त्याहून जाड असेल तर अधिकचिन्हासारख्या दोन. चिरेमुळे खिळ्यांना वाट मिळते. हातोडीने टोक ठेचायची पद्धत सोडून द्या. ठेचलेलं लाकूड कुजतं आणि त्याचा चोथा खिळ्यांत अडकून बसतो.

बारीक काड्या (शतावरी, गवत, जिप्सोफिला). दोन खिळ्यांच्या मधून त्या निसटून जातात. निशिगंधाच्या उरलेल्या दांड्याचा ३ सेंमीचा तुकडा आधी खिळ्यांवर रोवा आणि बारीक काडी त्या तुकड्याच्या पोटात खोचा. किंवा चार-पाच काड्यांची टोकं गजऱ्याच्या दोऱ्याने घट्ट बांधून एकच जाड देठ करा.

पोकळ देठ (डेलिया, अळूचं पान). खराट्याच्या हिराचे दोन-तीन तुकडे एकत्र करून आधी खिळ्यांत उभे करा आणि पोकळ देठ त्यांच्यावर टोपीसारखा सरकवा. पोकळ देठ थेट दाबला तर चेपतो, पाणी पीत नाही आणि दुपारपर्यंत मान टाकतो.

> सावध: फूल काढायचं असेल तेव्हा सरळ वर ओढा. हलवून, फिरवून काढू नका. एकाच जागी चार वेळा खोचलेला देठ पकड धरत नाही. टोक सेंटिमीटरभर कापा आणि नव्या जागी लावा.

## ७. तोल जात असेल तर

लांब फांदी एका बाजूला कलली की पिनहोल्डर दुसऱ्या बाजूने उचलतो. क्लेवर विसंबू नका, ती वजनासाठी नसते. छोटा पिनहोल्डर *उलटा करून*, खिळे खिळ्यांत अडकतील असा, फांदीच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर बसवा. मांडणी जागच्या जागी थांबते. तो दिसू नये म्हणून त्याच्यावर एखादं क्रोटनचं पान.

खिळे झाकायला नदीतले गोटे, धुतलेली वाळू किंवा आखूड पानं वापरा, पण ती शेवटी. आधी गोटे घातले की देठ टेकवायला जागाच उरत नाही आणि बोटं ठेचतात.

## ८. काचेचा फ्रॉग

याचं काम सोपं, चुकाही दोनच. पहिली चूक म्हणजे तो चिकटवत नाहीत. घुमटाच्या बुडाला पिनहोल्डरसारखंच क्लेचं कडं लावा. दुसरी म्हणजे देठ तळापर्यंत पोचवत नाहीत. भोकात नुसता अडकवलेला देठ लोंबकळतो. प्रत्येक देठ भांड्याच्या तळाला टेकला पाहिजे, तेव्हाच तो भोकाच्या कडेवर ताठ उभा राहतो.

बाहेरच्या भोकांत आधी पानं लावा, मग मध्ये उंच फुलं, शेवटी कडेची आखूड फुलं. भोक देठापेक्षा मोठं असेल तर दोन देठ एकत्र घाला किंवा देठाला छोटं पान गुंडाळा. गुलाबाचा जाड देठ जोर लावून घालू नका. खालच्या ४ सेंमीवरचे काटे काढून बघा, तरी जात नसेल तर ते फूल दुसरीकडे. उंची भांड्याच्या दीडपटीवर नेऊ नका, काचेला शिशाचं वजन नसतं. भांडं उचलताना बुडाला हात घाला.

## ९. कोंबडीची जाळी

लोक हमखास १२ मिमी भोकांची जाळी आणतात, कारण ‘बारीक म्हणजे घट्ट’ असं वाटतं. ती चुरगळली की भोकं एकमेकांवर येऊन बंद होतात आणि एकही देठ आत जात नाही. मोठ्या भांड्याला ५० मिमी, लहानाला २५ मिमी घ्या. भोकं मोठीच हवीत, थर जास्त हवेत.

तुकड्याचं माप: तोंडाच्या दुप्पट रुंद, खोलीच्या तिप्पट लांब. २० सेंमी तोंड आणि १५ सेंमी खोल घंगाळासाठी ४० × ४५ सेंमी.

१. जाड हातमोजे घाला. पक्कड किंवा पत्रा कापायच्या कात्रीने कापा. फुलांच्या कात्रीने तार कापली की तिच्या धारेला कायमचा खड्डा पडतो.
२. तुकडा सैल गुंडाळून नळी करा, मग दोन्ही टोकं आत वळवून ढिला चेंडू करा. पोळीच्या कणकेसारखा दाबून गोळा करू नका. वरून बघितल्यावर तीन-चार थर दिसावेत आणि त्यांची भोकं एकावर एक न येता सरकलेली असावीत.
३. भांड्यात दाबून बसवा. घुमट काठाच्या २-३ सेंमी *वर* यायला हवा. काठाच्या खाली राहिला तर कडेची फुलं बाहेर झुकत नाहीत आणि मांडणी चाळणीत भाजी ठेवल्यासारखी दिसते.
४. कडेच्या तीन-चार तारा काठावर वळवा. काठ गुळगुळीत असेल तर कोरड्या काठावरून दोन चिकटपट्ट्या क्रॉस करून लावा.

> तपासा: एक जाड देठ मधोमध आणि एक कडेला खोचून भांडं हलवा. देठ किमान दोन थरांतून गेलेला असेल तर तो डोलत नाही. डोलला तर जाळी काढून आणखी थोडी गुंडाळा.

जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ती पाण्यात भिजत राहिली की मुलामा लवकर जातो आणि भांड्यावर डाग पडतात. आत बसेल असा प्लास्टिकचा डबा ठेवा किंवा हिरव्या प्लास्टिकचं आवरण असलेली जाळी घ्या.

भरण्याचा क्रम: दोन तृतीयांश पाणी, मग कडेची पानं, मग मोठी फुलं, आणि राहिलेल्या जागी बारीक फुलं. प्रत्येक देठाचं टोक पाण्याखाली पोचलंय ना, हे बाजूने वाकून बघा. वरच्या थरात अडकलेलं फूल पहिल्या दिवशी टवटवीत दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सुकतं, मग दोष फुलवाल्याला.

## १०. पाणी आणि डास

आता पाणी पूर्ण भरा. पिनहोल्डरच्या खिळ्यांवर किमान १ सेंमी पाणी हवं. उथळ भांड्यातलं पाणी एप्रिल-मेमध्ये झपाट्याने आटतं, सकाळ-संध्याकाळ बघा. एकदा टोक उघडं पडलं की पुन्हा हवा आत जाते आणि आदल्या संध्याकाळची मेहनत फुकट.

पाण्यात साखर, लिंबू, ब्लीचचे थेंब घालायचा घरगुती उपाय पिनहोल्डरच्या भांड्यात करू नका. आम्लाने शिसं पाण्यात उतरतं. इथे साधं, स्वच्छ पाणी आणि ते वेळेवर बदलणं हाच उपाय.

दर दोन दिवसांनी पाणी बदला. मांडणी मोडायची गरज नाही. भांडं बेसिनमध्ये ठेवून नळाची बारीक धार काठाजवळ सोडा, जुनं पाणी बाहेर वाहू द्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात, म्हणून मांडणी उतरवल्यावर ती कड ब्रशने घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. गोट्यांच्या फटीतही बघा.

## ११. उतरवणं, घासणं, ठेवणं

देठ एकेक सरळ वर ओढून काढा. पिनहोल्डर सुटत नसेल तर खाली लोण्याची बोथट सुरी सरकवा, खिळ्यांना धरून ओढू नका. भांड्यावर राहिलेली क्ले तेलाच्या बोटाने पुसली की निघते, मग साबण.

खिळ्यांतला चोथा राहू देऊ नका. तो तसाच राहिला तर पुढच्या खेपेचं पाणी एका दिवसात वास मारतं. वाहत्या पाण्याखाली जुना टूथब्रश रांगांमधून एकाच दिशेने फिरवा, अडकलेलं दाभणाने कोरून काढा. खिळे काळपट दिसले की हात चिंचेकडे किंवा लिंबाच्या सालीकडे जातो, पितळ म्हणजे चिंच हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. इथे चिंच नको, कारण खाली शिसं आहे. काळपटपणा फुलांना बाधत नाही, भांड्याचा साबण पुरे. काचेच्या फ्रॉगवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला असेल तर त्याला मात्र व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायला हरकत नाही. कढत पाणी ओतू नका, काच तडकते.

वाकलेला खिळा बारीक तोंडाच्या पकडीने मुळाजवळ धरून *एकदाच*, सावकाश सरळ करा. पितळ मागेपुढे वाकवलं की कडक होतं आणि तुटतं. जपानी दुकानांत यासाठी पोकळ तोंडाची छोटी दांडी मिळते, ती वाकलेल्या खिळ्यावर चढवून सरळ करायची.

कात्रीला चिकाचा थर बसला असेल तर स्पिरिटने पुसा, कोरडी करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब जोडावर सोडा. खोबरेल लावू नका, ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं.

जाळी झटकून उन्हात वाळवा. चेंडू उलगडू नका, पुढच्या खेपेला तोच आकार त्याच भांड्यात बसतो. गंज दिसायला लागला की टाकून द्या. पिनहोल्डर पूर्ण वाळल्यावर खिळ्यांवर थर्माकोलचा जाड तुकडा रोवून ठेवा. खिळेही वाकत नाहीत आणि खणात हात घालणाऱ्याची बोटंही वाचतात.